पायाखालचा दगड, समुद्रातली नोकरी

एक रुपयाची नोट २०१५ साली पुन्हा छापली जाऊ लागली. तिच्या मागच्या बाजूला समुद्रात उभे असलेले एक लोखंडी धूड दिसते. ते ‘सागर सम्राट’. समुद्रतळावर पाय टेकून स्वतःला पाण्याबाहेर उचलून धरणारी ही तरंगती रिग जपानमध्ये बांधली गेली. १९ फेब्रुवारी १९७४ रोजी मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर तिला तेल लागले आणि २१ मे १९७६ पासून बॉम्बे हायचे उत्पादन सुरू झाले. मराठी मुलखाच्या दारात तेलाची नोकरी आली ती तेव्हा. ती कोणाच्या दारापर्यंत पोचली, हा वेगळा प्रश्न आहे, आणि तो केज तालुक्यातल्या नांदूरघाटसारख्या गावातून पाहिला की जास्त स्पष्ट दिसतो.

या भागात तेल म्हणजे करडईचे, नाहीतर शेंगदाण्याचे. खनिज तेलाची ओळख कंदिलापुरती. ‘रॉक ऑइल’चे रॉकेल आणि ‘गॅसलाइट’चे घासलेट करून मराठीने ते कधीच आपलेसे केले होते, नोकरीच्या कितीतरी आधी शब्द आले. पायाखाली मात्र काळा कातळ. गंमत अशी, की दख्खनचा हाच बसाल्ट पश्चिमेला अरबी समुद्राखाली उतरत जातो. मुंबईसमोरच्या खोऱ्यात त्यावर पुढे कोट्यवधी वर्षे गाळ आणि चुनखडी साचली आणि तेल सापडले ते मुख्यतः त्या चुनखडीत. बालाघाटाच्या डोंगरावर हे वरचे थर नाहीत, म्हणून इथे बोअर घेतली तर पाणी लागले तरी नशीब.

तेलाच्या शिक्षणाची केंद्रेही इथून दूरच होती. ओएनजीसी स्थापन झाली १९५६ साली, मुख्यालय डेहराडूनला. धनबादच्या खाणकाम संस्थेत १९५७ मध्ये पेट्रोलियमचा अभ्यासक्रम आला, १९६२ मध्ये डेहराडूनला ओएनजीसीची संशोधन व प्रशिक्षण संस्था. पण विहीर खोदणे पुस्तकातून शिकता येत नाही. खंबात आणि अंकलेश्वरच्या विहिरींवर रशियन तज्ज्ञांच्या हाताखाली भारतीयांची पहिली पिढी तयार झाली. पाइपला पाइप जोडणारा रिगमन, मनोऱ्याच्या टोकावर उभा राहणारा टॉपमन, ब्रेक हातात धरून सगळ्यांचा जीव सांभाळणारा ड्रिलर, ही चढण वर्षानुवर्षांची असते. समुद्रातल्या कामासाठी पुन्हा परदेशी माणसांकडूनच धडे घ्यावे लागले.

महाराष्ट्रात पुढे वाटा झाल्या. पुण्याच्या एमआयटीत पेट्रोलियम अभियांत्रिकी, लोणेऱ्याच्या विद्यापीठात पेट्रोकेमिकल. पण माझ्या मते गावाकडच्या मुलासाठी खरी वाट पदवीची नव्हतीच, ती आयटीआयची होती. फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन किंवा अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट, हे ट्रेड करायचे आणि मग १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली उरणच्या प्रकल्पात किंवा ट्रॉम्बेच्या रिफायनरीत वर्षभर उमेदवारी. यात अडचण फीची कमी आणि माहितीची जास्त. ज्याच्या घरातले कोणी रिफायनरीत आहे, त्याला जाहिरात वेळेवर कळते. बीडच्या मुलाचा मामा-काका रिफायनरीत असण्यापेक्षा उसाच्या फडात असण्याचीच शक्यता जास्त.

उसाची गोष्ट इथे उगाच आणलेली नाही. दसरा-दिवाळीनंतर उचल घेऊन, कोयता घेऊन निघायचे आणि पाच-सहा महिने परमुलखात काढायचे, हे या जिल्ह्याला पाठ आहे. प्लॅटफॉर्मवरची कायम नोकरीही घरापासून लांबचीच: चौदा दिवस समुद्रात, रोज बारा तास पाळी, मग चौदा दिवस घरी. कष्ट मोजायला गेलो तर तुलना करता येईल. पण एका कामाला सुट्टी, पेन्शन आणि दवाखाना आहे, दुसऱ्याला मुकादम. आणि समुद्रातही मुकादम असतोच, फक्त त्याला कंत्राटदार म्हणतात.

२७ जुलै २००५, म्हणजे मुंबईच्या महापुराच्या दुसऱ्या दिवशी, बोट आणि ज्याच्या हाताला इजा झाली होती असा तिच्यावरचा एक स्वयंपाकी यांच्यापासून बॉम्बे हाय नॉर्थचा अपघात सुरू झाला. वादळी हवेमुळे हेलिकॉप्टर उडत नव्हते, म्हणून त्याला प्लॅटफॉर्मवर घ्यायला बोट जवळ आणली. ती तेल-वायूच्या नळीवर आदळली आणि सारा प्लॅटफॉर्म जळून गेला. बावीस माणसे गेली. साडेतीनशेहून अधिक वाचली. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात पी-३०५ हा बार्ज बुडाला, तेव्हा त्यावर २६१ जण होते. सत्तरच्या आसपास माणसे मेली. ती बहुतेक कंत्राटदारांची माणसे होती.

गोव्यात बेतूलला ओएनजीसीची सुरक्षा प्रशिक्षण संस्था १९८९ पासून आहे. तिथेच फेब्रुवारी २०२४ मध्ये सागरी बचावाचे नवे केंद्र सुरू झाले. बॉम्बे हायला तेल लागून तेव्हा बरोबर पन्नास वर्षे होत होती. अशा प्रशिक्षणात हेलिकॉप्टरच्या सांगाड्यात पट्टे बांधून बसवतात, सांगाडा पाण्यात उलटा करतात आणि खिडकीतून बाहेर यायला लावतात. उलटे लटकलेल्या माणसाला वर-खाली कळत नाही; एक हात खिडकीच्या चौकटीवर ठेवायचा आणि तो सोडायचा नाही, एवढेच सांगितलेले असते. विहिरीत भोपळा बांधून पोहायला शिकलेल्या पोरालाही हे पहिल्यांदा जड जाते. कायम कर्मचाऱ्याला हे शिकवायचे हे ठरलेले आहे. बार्जवर चार महिन्यांसाठी घेतलेल्या वेल्डरच्या प्रशिक्षणाचे दिवस कोणाच्या खर्चात धरायचे, हे प्रत्येक कंत्राटात नव्याने ठरते.