आधी कुपी पाहावी

बोटॉक्सचं इंजेक्शन घेण्यापूर्वी दराआधी कुपीची चौकशी करावी, असं माझं मत आहे, आणि त्याला आधार या औषधाच्या इतिहासाचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्गमध्ये बिघडलेलं सॉसेज खाऊन माणसं मरत. पापण्या उघडेनाशा होत, घास गिळवत नसे, शेवटी श्वास थांबे. युस्टिनुस केर्नर या डॉक्टरने (हा गृहस्थ कवीही होता) १८२२ साली अशा १५५ रुग्णांची हकिगत छापली. सॉसेजमधलं ते विष, म्हणजेच आजच्या बोटॉक्सचं मूळ, त्याने स्वतः चाखून पाहिलं होतं आणि अत्यल्प मात्रेत ते औषध ठरेल, असंही तो लिहून गेला. पण ती अत्यल्प मात्रा मोजायची कशी? १८९७ साली बेल्जियममध्ये एमिल व्हॅन एर्मेंगेम यांनी या विषामागचा जिवाणू जगापुढे मांडला, तरी मोजमाप दूरच होतं. ते साधलं अमेरिकेच्या जैविक अस्त्रांच्या प्रयोगशाळेत, १९४६ साली, एडवर्ड शँट्झ यांनी विषाचे स्फटिक मिळवले तेव्हा. पुढे नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी ते तिरळेपणावर वापरलं आणि १९८९ मध्ये त्याला मान्यता मिळाली. आठ्यांवरचा उपयोग ओघात सापडला: व्हँकुव्हरच्या जीन कॅरदर्स पापण्यांच्या विकारावर हे इंजेक्शन देत, तेव्हा भुवयांमधल्या आठ्याही जातात असं दिसलं. आठ्यांसाठीची अमेरिकी मान्यता २००२ची.

चेहऱ्यात विष टोचणं हाच वेडेपणा, असं काही जण म्हणतात. ते मला पटत नाही. ठरल्या मात्रेत ते टोचलेल्या स्नायूला मिळणारा मज्जातंतूचा संदेश अडवतं आणि तीन-चार महिन्यांत परिणाम ओसरतो. चुकून पापणी उतरली तर तीही काही आठवड्यांत सावरते. उलट बाजूचे म्हणतात, लाखो लोक घेतात, मग चौकशी कशाला? पण त्या लाखोंची सुरक्षितता मोजलेल्या मात्रेची आहे. २००४ साली फ्लोरिडात माणसांसाठी नसलेलं, संशोधनासाठीचं विष टोचल्याने चौघे लुळे पडून व्हेंटिलेटरवर गेले. मान्य औषधावरही २००९पासून अमेरिकेत ठळक इशारा असतो: परिणाम दूर पसरून गिळणं, श्वास घेणं अवघड होऊ शकतं. मायस्थेनिया ग्रॅव्हिस (स्नायू दुबळे करणारा आजार), गर्भारपण, जेंटामायसिनसारखी अँटिबायोटिक्स यांची माहिती डॉक्टरांना आधी द्यायची ती म्हणूनच. शिवाय एका ब्रँडचे २० युनिट म्हणजे दुसऱ्याचे २० नव्हेत. ‘कपाळाचे इतके रुपये’ एवढाच आकडा सांगणाऱ्याला ब्रँड आणि युनिट विचारावेच लागतात.