चाकाची थरथर आणि लाकडाची पट्टी

मंडळी, हॉस्पिटलमधलं स्ट्रेचर कधी घाईत ढकललंय? हळू चाललं तर ठीक. जरा वेग घेतला की पुढचं एखादं चाक डावीकडे-उजवीकडे वेड्यासारखं फडफडायला लागतं. आता हीच फडफड धावपट्टीवर पळणाऱ्या विमानाच्या चाकाला लागली असं समजा. काही सेकंदांत बोल्ट सैल होतात, कधी अख्खा पायच मोडतो.

इंजिनिअर लोक याला 'शिमी' म्हणतात. शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेत खांदे थरथरवत करायचा एक नाच गाजला होता, त्याचंच हे नाव. आधी ते मोटारींच्या पुढच्या चाकांना चिकटलं, मग विमानांना.

जुन्या विमानांना छोटं चाक शेपटीखाली असायचं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाकाखाली चाक असलेली विमानं वाढली आणि हा प्रश्न ऐरणीवर आला. १९४१ साली जर्मनीत फॉन श्लिप्पे आणि डिट्रिख यांनी टायरला ताणलेल्या दोरीसारखं मानून गणित मांडलं. १९४५ मध्ये सोव्हिएत गणितज्ञ म्स्तिस्लाव केल्डिश यांनी नाकाखालच्या चाकाच्या शिमीवर निबंध लिहिला. त्यासाठी पुढच्याच वर्षी त्यांना स्टालिन पुरस्कार मिळाला. हेच केल्डिश पुढे सोव्हिएत अंतराळ कार्यक्रमाचे मोठे सूत्रधार झाले. म्हणजे बघा, रॉकेटवाला माणूसही आधी चाकाच्या थरथरीशी झगडला होता!

गणिताचं सार असं. चाक सरळ रेषेत यायला बघतं, पण रेषेच्या पलीकडे जातं. मग परत फिरतं, पुन्हा पलीकडे जातं. टायर रबराचा, आडवा दबतो आणि परत उसळतो. विमान पुढे पळत असतं, त्यातूनच या हेलकाव्याला ताकद मिळत राहते. ती जिरवायला घर्षण किंवा डॅम्पर पुरेसा नसेल तर थरथर वाढतच जाते.

पण घरच्या गॅरेजमध्ये विमान बांधणाऱ्याने ही समीकरणं कुठे सोडवत बसायची? अमेरिकेत १९५३ साली अशा हौशी मंडळींची संघटना उभी राहिली, ईएए. १९७३ साली रिचर्ड व्हॅनग्रन्सवेन यांनी ओरेगॉनमध्ये 'व्हॅन्स एअरक्राफ्ट' सुरू केली. त्यांची आरव्ही विमानं हजारो लोकांनी घरी बांधली. त्यातल्या बऱ्याच मॉडेलना मुख्य चाकांचे पाय म्हणजे स्टीलचे बारीक, लवचीक दांडे. उतरल्यावर वेग कमी होताना ते थरथरायचे. तोडगा काय निघाला? दांड्याला लाकडाची पट्टी चिकटवायची आणि वर फायबरग्लास गुंडाळायचं! पाय कडक होतो, थरथर जिरते. टायरमधली हवा थोडी कमी करून बघायची, चाक बॅलन्स करायचं. नाकाच्या चाकाचा नट इतका आवळायचा की ते वळवायला ठरलेला जोर लागावा. तो जोर ताणकाट्याने मोजायचा आणि काही तासांच्या उड्डाणानंतर पुन्हा तपासायचा, कारण घर्षण झिजतं.

एकाने करून पाहिलं, दहा जणांना सांगितलं, ते लिहून ठेवलं गेलं. हे होऊ शकलं, कारण तिथल्या कायद्याने हौशी बांधणाऱ्यांसाठी 'एक्सपेरिमेंटल' असा वेगळा वर्ग ठेवला. अट एकच मोठी: निम्म्याहून जास्त काम स्वतः करायचं, शिकण्यासाठी.

आपल्याकडे? मुंबईत कांदिवलीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधलं. २०१६ च्या 'मेक इन इंडिया' सोहळ्यात लोकांनी ते पाहिलं. तरी नोंदणी व्हायला २०१७ संपत आलं. सुरक्षितता हवीच, यात वाद नाही. पण सुरक्षितता फक्त फायलीतून येत नाही. शेकडो जणांनी बांधलं, चुकलं, दुरुस्त केलं आणि एकमेकांना सांगितलं, तेव्हा ती लाकडाची पट्टी सापडली.

आपल्या गावातल्या गॅरेजमध्ये, वेल्डिंगच्या दुकानात असे तोडगे रोज निघतात. ते लिहून कोण ठेवतं? असा एखादा कारागीर तुमच्या माहितीत असेल तर कमेंटमध्ये जरूर सांगा.