कचऱ्यात जाणारी प्लास्टिकची शीट लाखमोलाची कशी झाली? जपानच्या ‘यामातो’ सिनेमांच्या जुन्या वस्तूंची गोष्ट

इन्स्टाग्रामवर अ‍ॅनिमेची पेजेस फॉलो करत असाल, तर हा फोटो तुमच्या नजरेखालून गेला असेल. एक पारदर्शक शीट, त्यावर रंगवलेलं पात्र, खाली तीन भोकं, वरच्या कोपऱ्यात ‘A7’ असं काहीतरी लिहिलेलं. सोबत मजकूर : ‘ओरिजिनल अ‍ॅनिमे सेल, रेअर, किंमत डीएममध्ये’.

आता ही शीट खरी की खोटी? खरी असली तर इतकी महाग का? आणि घेतली तर मुंबईच्या पावसाळ्यात टिकेल का?

यासाठी एकच सिनेमा-मालिका धरून बोलू, कारण तिच्याभोवतीच जपानमध्ये हा संग्रहाचा नाद मोठ्या प्रमाणावर वाढला. ती म्हणजे ‘स्पेस बॅटलशिप यामातो’.

आधी फ्लॉप, मग रांगा

6 ऑक्टोबर 1974 ला जपानी टीव्हीवर यामातो सुरू झाली. गोष्ट सन 2199 ची. परग्रहावरच्या गामिलास साम्राज्याने पृथ्वीवर किरणोत्सर्गी बॉम्बचा मारा केलाय. माणसं जमिनीखाली राहतात आणि हाताशी एकच वर्ष आहे. दुसऱ्या महायुद्धात, एप्रिल 1945 मध्ये बुडालेल्या ‘यामातो’ या खऱ्या युद्धनौकेच्या सांगाड्यातून एक अंतराळयान उभं राहतं आणि 1,48,000 प्रकाशवर्षांवरच्या इस्कांदार ग्रहाकडे निघतं. निर्माते योशिनोबु निशिझाकी, आणि दिग्दर्शनापासून यानाच्या रूपापर्यंत ज्यांचा हात दिसतो ते मांगा-कलावंत लेइजी मात्सुमोतो.

मालिका आपटली. त्याच वेळी दुसऱ्या चॅनलवर ‘हायडी’ लागायची, आणि घरात टीव्ही एकच. (हायडीच्या टीममध्ये इसाओ ताकाहाता आणि हायाओ मियाझाकी होते, म्हणजे हरायला निदान प्रतिस्पर्धी तरी तगडा होता.) 39 भागांचा बेत 26 भागांत गुंडाळावा लागला.

पण पुन:प्रक्षेपणात शाळा-कॉलेजची मुलं या मालिकेच्या प्रेमात पडली. ठिकठिकाणी फॅन क्लब निघाले. निशिझाकींनी 26 भाग कापून-जोडून एक सिनेमा केला आणि तो 6 ऑगस्ट 1977 ला लागला. तरुण मुलं आदल्या रात्रीपासून थिएटरबाहेर रांगा लावून बसली. कार्टून म्हणजे लहान मुलांचं, हा जपानमधला समज त्या रांगांनी खिळखिळा केला.

मग सिनेमे येतच राहिले. ऑगस्ट 1978 मध्ये ‘फेअरवेल टू स्पेस बॅटलशिप यामातो’, 1979 मध्ये टीव्हीसाठी केलेला ‘द न्यू व्हॉयेज’, ऑगस्ट 1980 मध्ये ‘बी फॉरेव्हर यामातो’ आणि मार्च 1983 मध्ये ‘फायनल यामातो’. 1978 मध्ये नावातच ‘निरोप’ घेऊन झाल्यावर आणखी तीन सिनेमे कसे, असा प्रश्न तेव्हाच्या चाहत्यांनाही पडला होता आणि बरेचजण चिडलेही होते. पण वस्तू मात्र त्यांनी सगळ्या घेतल्या.

मग विकलं काय जायचं?

जपानी थिएटरमध्ये सिनेमाची छापील पुस्तिका विकत मिळते. तिला तिथे पॅम्फ्लेट म्हणतात. कथा, पात्रांची ओळख, कलाकारांच्या मुलाखती, रंगीत चित्रं. याशिवाय सिनेमा लागण्याआधी फुकट वाटलं जाणारं ‘चिराशी’ नावाचं हँडबिल, आगाऊ विकलं जाणारं चित्रांचं तिकीट आणि बी-2 आकाराचं (51.5 × 72.8 सेंमी) पोस्टर.

आपल्याला हे नवीन नाही. हिंदी-मराठी सिनेमाच्या गाण्यांच्या पुस्तिका टॉकीजबाहेर काही पैशांत मिळायच्या, त्यांच्यासाठी आज संग्राहक चोरबाजार पालथा घालतात. फरक इतकाच की जपानी प्रेक्षकाने पॅम्फ्लेट घरी नेऊन प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलं. त्यामुळे यामातोची पॅम्फ्लेट्स आजही भरपूर आहेत आणि स्वस्त आहेत. ‘पन्नास वर्षं जुनं म्हणजे दुर्मीळ’ हे गणित इथे चालत नाही. हँडबिल फुकट होतं म्हणून लोकांनी टाकून दिलं, आणि म्हणूनच काही हँडबिलं पॅम्फ्लेटपेक्षा जास्त भाव खातात.

रेकॉर्डचंही तसंच. संगीतकार हिरोशी मियागावांचा ‘सिम्फॉनिक सुइट यामातो’ हा एलपी 1977 च्या अखेरीस आला आणि तुफान खपला. कोणी तो ‘रेअर’ म्हणून विकत असेल तर खुशाल पुढे स्क्रोल करा. ऐकायला मात्र जरूर घ्या.

पुस्तकांत एक नाव महत्त्वाचं आहे. तोकुमा शोतेन या प्रकाशनाने 1977 मध्ये यामातोवर ‘रोमन अल्बम’ काढला, म्हणजे संपून गेलेल्या टीव्ही मालिकेवरचा एक जाडजूड सचित्र विशेषांक. तो हातोहात गेला. तो अनुभव गाठीशी घेऊन त्याच प्रकाशनाने 1978 मध्ये ‘अ‍ॅनिमेज’ मासिक सुरू केलं. त्या मासिकात 1982 पासून मियाझाकींची ‘नाउसिका’ छापून येऊ लागली, आणि 1985 मध्ये याच प्रकाशनाच्या पाठबळावर स्टुडिओ जिब्ली उभा राहिला.

चावीचं जहाज

आता खेळण्यांकडे. 1974 मध्ये बांदाईने यामातोचं प्लास्टिक मॉडेल किट काढलं, त्यात चावी आणि चाकं होती. चावी दिली की अंतराळयान जमिनीवरून घरंगळत जायचं. सात वर्षांच्या मुलाला मजाच. पण सिनेमानंतर जो ग्राहक आला तो सतरा-अठरा वर्षांचा होता. त्याला पडद्यावर दिसलं तसंच यान शेल्फवर हवं होतं, आणि चावीसाठी खालून फुगवलेलं पोट त्याला सहन होत नव्हतं.

बांदाईने चावी काढून टाकली. पुढच्या किटांत यान पडद्यावरच्या रेखांकनाच्या जवळ गेलं. 1970 च्या दशकाच्या अखेरीस ‘मेका कलेक्शन’ नावाची छोट्या किटांची मालिका आली. एक किट 100 येनला, एकूण 30. नायकाचं यान तर होतंच, पण शत्रूची जहाजं आणि छोटी लढाऊ विमानंसुद्धा. खाऊच्या पैशांतून आठवड्याला एक घेता यायचं. गोष्टीतली यंत्रंच विकायची, तीही नेमकी आणि स्वस्त, हा धडा बांदाई इथे शिकली. जुलै 1980 मध्ये तिने 300 येनचं गंडम किट बाजारात आणलं, त्यानंतरचा इतिहास गंडमवाल्यांना सांगायला नको.

खरेदी करताना दोन गोष्टी पाहा. बांदाईची मॉडेलं बनवणारी कंपनी ‘बांदाई मोकेई’ ही 1983 मध्ये मुख्य कंपनीत विलीन झाली. त्यामुळे डब्यावर ‘बांदाई मोकेई’ असेल तर तो डबा त्याआधीच्या काळातला. तीच किटं नंतर पुन:पुन्हा छापली गेली, आतलं प्लास्टिक तेच आणि डब्यावरचं चित्रही तेच असू शकतं. दुसरं म्हणजे नावातले आकडे. ‘यामातो 2199’, ‘2202’, ‘2205’ ही 2012 नंतरची नवी मालिका आहे. वस्तू उत्तम असतात, पण व्हिंटेज नव्हेत. विक्रेते हा फरक ‘विसरतात’.

आणि आता ती शीट

संगणक येण्याआधी अ‍ॅनिमेशन असं व्हायचं : आधी कागदावर पेन्सिलीने चित्र, मग ते ट्रेस मशीनने कार्बनच्या मदतीने पारदर्शक सेल्युलोज अ‍ॅसिटेटच्या शीटवर उतरवायचं, मग शीट उलटी करून मागून रंग भरायचा. सुकली की रंगवलेल्या पार्श्वभूमीवर ठेवून कॅमेऱ्याने एक फ्रेम टिपायची. पुढची शीट, पुढची फ्रेम. एका सिनेमाला किती शीट लागतात याचा अंदाज हवा असेल, तर 1997 च्या ‘प्रिन्सेस मोनोनोके’साठी सुमारे 1,44,000 सेल लागले होते.

फोटो काढून झाला की सेलचं काम संपलं. स्टुडिओच्या दृष्टीने तो औद्योगिक कचरा होता, जागा खाणारा. गठ्ठेच्या गठ्ठे फेकले गेले. काही चाहत्यांना फुकट दिले गेले, काही मासिकांच्या स्पर्धांत बक्षीस म्हणून गेले. कोणीतरी ते वहीत जपले, म्हणून आज बाजार आहे.

रंग भरणाऱ्यांमध्ये बहुतांश बायका होत्या. अनेकजणी घरी बसून, शीटमागे ठरलेल्या दराने काम करायच्या. पुढे हे काम मोठ्या प्रमाणावर दक्षिण कोरियात जाऊ लागलं. आज लिलावात सेल कितीही किमतीला गेला तरी त्यातला एक येनही त्यांच्यापर्यंत जात नाही, आणि सेलवर त्यांचं नावही नसतं. माझ्या मते या सगळ्या छंदातली खटकणारी गोष्ट हीच आहे.

यामातोच्या सेलांत एक खास गोम आहे. 1977 चा सिनेमा टीव्हीचे भाग जोडून केला होता. म्हणजे ‘1977 च्या सिनेमाचा सेल’ हा बहुतेक वेळा 1974 मध्ये टीव्हीसाठी रंगवलेला सेल असतो. (अपवाद थिएटरसाठी नव्याने केलेल्या शेवटाचा.) आणि 1974 मध्ये ही पडलेली मालिका होती, तिचे सेल जपावेत असं कोणाला वाटणार? त्यामुळे ते फार थोडे उरले. 1978 नंतरच्या सिनेमांच्या वेळी चाहते टपूनच होते, म्हणून ते तुलनेने सहज सापडतात. पहिल्या सिनेमाचा सेल कोणी स्वस्तात देत असेल, तर आधी संशय घ्या.

खरा कसा ओळखायचा?

शीट उलटी करून मागचा फोटो मागा. खऱ्या सेलवर मागे रंगाचे थर दिसतात, कडा एकमेकींवर चढलेल्या, कुठे जाड कुठे पातळ. छापील प्रतीत मागची बाजू सपाट आणि एकसारखी असते. कोपऱ्यातलं अक्षर म्हणजे थर (A सगळ्यात खाली, वर B, C) आणि आकडा म्हणजे क्रम. कॅमेऱ्याखाली शीट बसवण्यासाठीची तीन भोकं, मधलं गोल आणि बाजूची लांबट.

पण एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. त्या काळात जपानी चाहते स्वतः सेल रंगवायचे, तोही एक छंद होता. तेच रंग, तीच शीट. अशा सेलवर क्रमांक नसतो किंवा ओढूनताणून लिहिलेला असतो, आणि रेघ मशीनची नसून पेनाने काढलेली असते. शिवाय पोस्टर आणि मासिकांसाठी स्टुडिओतच वेगळे सेल रंगवले जायचे, त्यांना ‘हांकेन’ म्हणतात. ते अस्सल असतात, मात्र सिनेमात कधीच दिसत नाहीत. सोबत मूळ पेन्सिलचित्र असेल तर सोन्याहून पिवळं.

चेहरा समोरून, डोळे उघडे, मोठा क्लोजअप असेल तर भाव चढतो. यामातोत यानाचा पूर्ण सेलही तितकाच मागितला जातो. स्फोट आणि धुराचे सेल स्वस्तात मिळतात. कधीकधी पात्राला तोंडच नसतं, घाबरू नका. खर्च वाचवायला ओठांची हालचाल वेगळ्या थरावर रंगवली जायची आणि तो थर हरवलेला असतो.

जपानमध्ये असाल तर तोक्योच्या नाकानो ब्रॉडवे या जुन्या इमारतीत जा. तिथे ‘मांदाराके’ची दुकानं आहेत, 1980 मध्ये मासुझो फुरुकावा यांनी जुन्या मांगाचं छोटं दुकान म्हणून ते सुरू केलं होतं. भारतातून घ्यायचं तर जपानी लिलाव साइटवर मधल्या एजंटमार्फत बोली लावावी लागते, कारण अनेक विक्रेते देशाबाहेर पाठवत नाहीत. एजंटचं कमिशन, टपालखर्च आणि आपल्याकडची कस्टम ड्युटी धरूनच बोली लावा. आणि सेल विकत घेतला म्हणजे चित्राचे हक्क मिळत नाहीत. टी-शर्टवर छापून विकायला गेलात तर तो कॉपीराइटचा भंग आहे. यामातोच्या हक्कांवरून खुद्द निशिझाकी आणि मात्सुमोतो कोर्टात गेले होते. 2002 मध्ये तोक्योच्या जिल्हा न्यायालयाने निशिझाकींच्या बाजूने निकाल दिला आणि पुढच्या वर्षी तडजोड झाली.

व्हिनेगरचा वास आला तर

सेल्युलोज अ‍ॅसिटेट उष्णता आणि दमटपणात हळूहळू विघटित होतं, त्यातून अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड सुटतं. म्हणजेच व्हिनेगर. शीट आकसते, लाटांसारखी वाकते, मागचा रंग सुटून पापुद्रे पडतात. कार्बनच्या रेघा तर वेगळ्याच कारणाने पुसट होत जातात, आणि चांगल्या ठेवलेल्या सेलवरही डोळे-नाक अर्धवट गायब झालेलं दिसतं. एकदा सुरू झालेलं विघटन थांबवता येत नाही, फक्त मंदावता येतं. अमेरिकेतल्या गेटी कन्झर्वेशन इन्स्टिट्यूटने डिस्नीच्या जुन्या सेलांवर याचाच अभ्यास केलाय. जपानमध्ये निगाता विद्यापीठासारख्या संस्था अ‍ॅनिमेची मूळ सामग्री जपण्याच्या मागे आहेत.

मुंबई, कोकण, गोवा इथली हवा सेलसाठी वाईटच. फ्रेम करून काचेमागे घट्ट बंद करण्याचा मोह होतो, पण सुटलेली वाफ आत कोंडली की विघटन वेगाने होतं. उन्हाच्या भिंतीवर लावणं तर नकोच. आम्लरहित कागद मध्ये घालून, आडवा, थंड आणि कोरड्या कपाटात ठेवा, अधूनमधून हवा लागू द्या. सेल मूळ पेन्सिलचित्राला चिकटला असेल तर ओढू नका, रंग कागदाबरोबर निघून येईल. आम्ल ओळखणाऱ्या ए-डी स्ट्रिप नावाच्या कागदी पट्ट्या मिळतात. पट्टी निळी राहिली तर ठीक, हिरवी झाली तर विघटन सुरू झालंय, आणि पिवळी झाली तर तो सेल बाकीच्यांपासून लगेच वेगळा काढा.