हप्त्यांवरचा सोफा

परवा आईकडे माळा आवरताना बाबांच्या वहीत एक पावती सापडली. १९७४ साल, सेलमधला सोफासेट, बारा हप्ते. खाली बारीक अक्षरांत: शेवटचा हप्ता फिटेपर्यंत वस्तू दुकानाच्या मालकीची. म्हणजे वर्षभर आम्ही भाड्याच्या सोफ्यावर बसत होतो!

या 'भाडेखरेदी'चं मूळ इंग्लंडात. हप्ते चालू असताना एकाने पियानो गहाण टाकला. १८९५ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सने तो मूळ मालकाचाच ठरवला. दुकानदारांना रान मोकळं. एखादा हप्ता चुकला की फर्निचर उचलून न्यायचे, भरलेले पैसे बुडाले. एलेन विल्किन्सन या खासदारबाईंनी १९३८ मध्ये कायदा करून घेतला, की एक तृतीयांश रक्कम भरली असेल तर कोर्टात गेल्याशिवाय वस्तू नेता येणार नाही. आपल्याकडे १९७२ साली कायदा संमत झाला, पण अमलात कधी आलाच नाही. २००५ मध्ये रद्दही झाला.

बाबा मात्र भुलले ते पॉलिशला. वरून सागवानी झळाळी, आत खोक्याचं लाकूड. सांधे खाचेत बसवलेले नव्हते, नुसते खिळे. सोफा उलटा करून बघितला असता तर तिथेच कळलं असतं. (बघणार कोण? दुकानात चहा पाजला होता.) सातव्या महिन्यात पाय निखळला. पाच हप्ते बाकी.

शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये बँकांना बजावलं. आई हे १९७४ सालीच म्हणत होती. पायाखाली वीट लावून बाबांनी पाचही हप्ते वेळेवर भरले, आणि शेवटच्या दिवशी तिने पेढे आणले.