ओझे आणि जनावर

घर बरोबर घेऊन प्रवासाला निघणाऱ्याने आधी काय पाहावे? ओढणारे जनावर, की त्याच्यामागे जोडायचे ओझे? आज मोटारीमागे चाकांचे घर जोडू पाहणाऱ्या कुटुंबापुढेही हाच प्रश्न असतो. दिल्लीच्या इतिहासात त्याची दोन उत्तरे सापडतात. एक मोगलांचे, दुसरे मराठ्यांचे.

डिसेंबर १६६४ मध्ये औरंगजेब दिल्लीहून काश्मीरकडे निघाला. दानिशमंदखान या अमीराच्या पदरी असलेला फ्रेंच वैद्य फ्रांस्वा बर्निए त्या छावणीबरोबर होता, आणि त्याची नजर मोठी चौकस होती. बादशहाच्या डेऱ्यांचे दोन संच असत. एकात मुक्काम असताना दुसरा पुढच्या ठिकाणी उभा राही. या पुढे जाणाऱ्या सरंजामाला, म्हणजे पेशखान्याला, ६० हून अधिक हत्ती, २०० उंट, १०० खेचरे आणि १०० हमाल लागत. जड खांबांचे डेरे हत्तींवर, लहान राहुट्या उंटांवर, मुदपाकखान्याचे सामान खेचरांवर, आणि चिनी मातीची नाजूक भांडी माणसांकडे. आधी ओझ्याचा स्वभाव पाहिला, मग जनावर नेमले.

तोफांच्या बाबतीतही तेच. जड तोफा सुमारे ७०. त्यांतील काही ओढायला २० बैलजोड्या लागत. चाक रुतले की हत्ती सोंडेने आणि मस्तकाने रेटा देई. या तोफा राजमार्ग सोडीत नसत. नावांच्या पुलावरून त्या नेता येत नसत. बादशहाच्या रिकिबीजवळ चालणाऱ्या ५०-६० हलक्या तोफा मात्र दोन-दोन घोड्यांच्या गाड्यांवर असत, आणि बदलीसाठी तिसरा घोडा बरोबर चाले. बर्निएचा स्वतःचा संसारही बेताचाच होता: दोन तुर्की घोडे, एक दणकट इराणी उंट, मध्यम तंबू, हलक्या वेतांची खाट, थोडे तांदूळ आणि दही बांधण्याचे फडके. एवढे सारे एका गोणीत भरले, तरी ती बसलेल्या उंटावर चढवताना तीन माणसे घामाघूम होत!

एवढा विचार करूनही पीर पंजालच्या चढावर एक हत्ती भिऊन मागे सरला, आणि जनानखान्याच्या स्वाऱ्या वाहणारे १५ हत्ती एकापाठोपाठ दरीत कोसळले.

सुमारे शंभर वर्षांनी, मार्च १७६० मध्ये, सदाशिवरावभाऊ उत्तरेकडे निघाले. बरोबर इब्राहिमखान गारद्याच्या जड तोफा, आणि कुटुंबकबिला, यात्रेकरू व बाजारबुणगे यांचा मोठा जमाव होता. जूनमध्ये गंभीर नदीच्या पुराने छावणी खोळंबली. तोफा व बायकामुले मागे सुरक्षित ठेवून सड्या फौजेने लढावे, असा सूरजमल जाट व मल्हारराव होळकर यांचा सल्ला होता, असे सांगतात. तो मानला गेला नाही. यासाठी भाऊंना एका शब्दात दोषी ठरवणे सोपे आहे. पण ऑगस्टमध्ये दिल्लीचा किल्ला याच तोफांच्या धाकाने हाती आला, आणि ऑक्टोबरात कुंजपुरा पडला तोही त्यांच्याच जोरावर. तोफा हव्याच होत्या. चूक झाली ती तोफा, संसार आणि स्वार हे तिन्ही एकाच दोरीने बांधण्यात. मोगलांनी वेगळ्या चालीची ओझी वेगळी ठेवली होती; येथे घोड्याला बैलाच्या पावलाने चालावे लागले.

ऑक्टोबरच्या अखेरीस अब्दालीने बागपताजवळ यमुना ओलांडली आणि दिल्लीची वाट अडवली. त्याची जंबुरके उंटांच्या पाठीवर होती. उंट वळला की तोफही वळे. पानिपतच्या खंदकात मराठ्यांची रसद तुटली. वैरणीवाचून बैल मरू लागले, आणि जड तोफेला बैल नसला तर ती जागची हलत नाही.

१४ जानेवारी १७६१ रोजी बुणग्यांना मधोमध घेऊन, गोल बांधून बाहेर पडण्याचा बेत ठरला. गोलाची चाल ठरते ती त्यातल्या सर्वांत मंद गाडीवरून. सकाळी गारद्याच्या तोफांनी रोहिल्यांची मोठी हानी केली. पण काही स्वारांना ती संथ चाल सोसली नाही. ते रांग मोडून पुढे धावले आणि गोल विस्कटला. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई त्या संध्याकाळी दक्षिणेकडे निसटल्या. गाड्या आणि तोफा पानिपतावरच राहिल्या.