चिपी ते पुणे विमानाने किती अंतर आणि खरा वेळ किती लागतो?

सिंधुदुर्ग : चिपी विमानतळ ते पुण्याचा लोहगाव विमानतळ हे सरळ रेषेत अंतर साधारण 290 किलोमीटर. म्हणजे जवळपास 157 सागरी मैल, कारण विमानाचा हिशेब मैलात चालतो. रस्त्याने मात्र कुडाळ-पुणे साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे जातं. मध्ये सह्याद्री आहे, आणि घाट काही सरळ रेषेत उतरत नाही.

चिपी विमानतळाचं उद्घाटन 9 ऑक्टोबर 2021 रोजी झालं, तेव्हा पहिली सेवा मुंबईची होती. पुण्यासाठी 2024 मध्ये फ्लाय 91 कंपनीने सेवा सुरू केली. विमान एटीआर 72, दोन पंख्यांचं, साधारण सत्तर सीटचं. त्याचा वेग ताशी 500 किलोमीटरच्या आसपास असतो.

मग 290 किलोमीटरला पस्तीस मिनिटं पुरे, असं कुणीही म्हणेल. पण तिकिटावर तासाभराच्या आसपास वेळ दिसते. ती वेळ विमान जागेवरून हललं तिथपासून दुसरीकडे जागेवर उभं राहीपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, उतरताना वेग कमी करणं हे सगळं त्यात आलं. शिवाय लोहगाव हा हवाई दलाचा तळ, गर्दीचा विमानतळ. उतरायला नंबर लागू शकतो.

आता घरापासूनचा हिशेब बघूया. कुडाळहून चिपी साधारण 25 किलोमीटर, पाऊण तास धरा. विमानतळावर दीड-दोन तास आधी पोचायला हवं. उड्डाण एक तास. सामान हातात यायला वीस-पंचवीस मिनिटं. पुढे लोहगावहून स्वारगेट किंवा हिंजवडी गाठायला तास, गर्दीत जास्तच. एकूण पाच तास झाले. बसने आठ-नऊ तास लागतात. वाचतात ते तीन-चार तास, आणि मुख्य म्हणजे रात्रभरची कंबरदुखी. म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात न्यायचं असेल तर हा फरक मोठाच.

अशा पेशंटसाठी एक लक्षात ठेवा. एटीआरमध्ये मागच्या दाराने, पायऱ्या चढून जावं लागतं. गुडघे दुखत असतील तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागा. आणि डॉक्टरांची वेळ त्याच दिवशीची घेऊ नका. पावसाळ्यात ढग खाली आले की विमानाला उशीर होतो, कधी रद्दही होतं. विमान कोणत्या वारी आहे तेही आधी बघा, वेळापत्रक बदलत असतं.

सावंतवाडी, बांदा, दोडामार्गवाल्यांना मात्र मोपा जवळ पडतं. चिपी आणि मोपा यांच्यात सरळ अंतर पन्नास किलोमीटरही नाही, आणि पुण्याचं हवाई अंतर दोन्हीकडून जवळजवळ सारखंच. म्हणून घरापासूनचा रस्ता बघा, त्यावर ठरवा. मालवण, कुडाळ, वेंगुर्ला या बाजूला चिपीच सोयीचं.

जाता जाता, पुण्याच्या नातेवाईकांसाठी सुकं खोबरं बॅगेत भरू नका. ते पेट घेऊ शकतं म्हणून विमानात चालत नाही, तपासणीत काढून ठेवतात.