ओसरी, पाटी आणि सतरा नंबरचा अर्ज

'होमस्कूलिंग' हा शब्द आपल्याकडे नवा असला, तरी घर आणि शाळा यांच्यामधला उंबरा एके काळी फारसा उंच नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आपण एखाद्या मराठी गावात शिरलो असतो, तर पंतोजींची शाळा देवळात नाहीतर कुणाच्या तरी ओसरीवर भरलेली दिसली असती. फळीवर धूळ पसरलेली, हाती टोकदार काडी. अक्षर चुकले की फळी हलवायची, धूळ सारखी करायची आणि तेच अक्षर पुन्हा काढायचे. इयत्ता नव्हत्या. कोणी मुळाक्षरांत, तर शेजारचा मोडी पत्रलेखनात, ज्याची त्याची चाल वेगळी. तिन्हीसांजेला घरी दिवा लागला की परवचा सुरू होई, पावकी, निमकी, पाऊणकी. पंतोजींनी सांगितलेले घरात मुरत असे. मात्र त्या ओसरीवर मुख्यतः लेखणी किंवा तागडी ज्यांच्या घरात होती, त्यांचीच मुले बसत. मुलींना तिथे जागा क्वचितच मिळे, आणि अस्पृश्य ठरवलेल्यांना तर पायरीही बंद होती.

१८५४ च्या वुडच्या शिक्षणविषयक खलित्यानंतर पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्यात सरकारी शिक्षण खाते उभे राहिले. इयत्ता, क्रमिक पुस्तके, तपासणी आणि हजेरीपट रुळत गेले. घरचे शिक्षण आता उरले ते प्रामुख्याने ज्यांना शाळेची वाट नव्हती त्यांच्यासाठी, म्हणजे बायकांसाठी. त्याआधीच सावित्रीबाईंना जोतीराव फुल्यांनी घरी अक्षरओळख करून दिली होती. १८५८ साली जन्मलेल्या पंडिता रमाबाईंना संस्कृत शिकवले ते आई लक्ष्मीबाईंनी. १८७३ मध्ये अकरा वर्षांच्या रमाबाई रानडे लग्न होऊन घरात आल्या आणि पती न्यायमूर्ती रानडे यांनी त्यांना मुळाक्षरांपासून शिकवायला घेतले. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना हे मुळीच रुचत नव्हते. तो जाच सोसत रमाबाई शिकत राहिल्या. एका शिकणाऱ्यामागे एक शिकवणारा, तिच्या गतीने, तिला कळेपर्यंत: घरच्या शिक्षणाचे हे खरे बळ इथे लख्ख दिसते.

पण आपण जरा पुढे चाललो, की याच वाटेवर एक विलक्षण वळण लागते. सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात मुलींना शिकवायला सुरुवात केली. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले. रमाबाई रानडे १९०९ मध्ये पुण्याच्या सेवासदनाच्या उभारणीत पुढे होत्या. घरी शिकलेल्या या तिघींनी घरच्या शिक्षणाचा गौरव करत बसण्याऐवजी संस्था उभारल्या. शिकवणारा जोतीराव किंवा रानडे प्रत्येकीच्या घरी नसतो, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक असणार?

हाच विचार पुढे कायद्यात उतरला. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये बडोदे संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात तीच वाट धरली. कायद्याच्या पलीकडे जाऊन ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरवली आणि शाळाच मुलांमागे रानात नेली. १ एप्रिल २०१० पासून ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाचा शिक्षणाचा हक्क कायद्याने अमलात आला.

या लांबच्या रस्त्याच्या टोकाला आज काही आईबाप मुलांना पुन्हा घरी शिकवत आहेत. मुक्त विद्यालयाची परीक्षा आहे, बाहेरून दहावीला बसणाऱ्यांसाठी सतरा नंबरचा अर्ज आहे. पन्नास-साठ जणांच्या वर्गात मागे पडणाऱ्या मुलाला घरी त्याची चाल परत मिळते, आणि हा लाभ मी मोलाचा मानतो. पण ज्या घरात शिकवायला वेळ नाही, अक्षर नाही, त्या घरच्या मुलीला आजही शाळेचाच आधार आहे. म्हणून घरी शिकवणाऱ्यांनी गावातल्या शाळेची काळजी सोडू नये, आणि शाळेने ओसरीवरची ती धुळीची फळी आठवावी, जिच्यावर चुकलेले अक्षर पुन्हा काढायला वेळ मिळत असे.